आवाज आहेत, उघडत नाहीत

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल इथे लिहिलं की फाईली गेल्या. ते चूक आहे. गेल्या नाहीत. सगळ्या जागेवर आहेत, नावं तीच, आकारही जवळपास तेवढाच. फक्त प्रत्येक नावामागे एक विचित्र शेपूट लागलंय आणि एकही उघडत नाही. कालचं वाक्य खोडत नाही, राहू दे. दुरुस्ती इथे.

नीट लिहायचं तर असं. दसरा, त्याला जोडून सुट्ट्या. काल सकाळी केंद्र उघडलं. कॉम्प्युटरवर (इथून पुढे नुसतं क.) झेंडूची माळ सुकलेली, की-बोर्डवर कुंकू. स्क्रीन चालूच होती, पण काळी, वर लाल इंग्रजी अक्षरं. आधी वाटलं साफसफाईच्या शोभाताईंनी पुसताना काही दाबलं. मग वाचलं. तुमच्या फाईलींना आम्ही कुलूप लावलं आहे. चावी आमच्याकडे आहे. पैसे द्या. मुदत ऐन दिवाळीच्या तोंडावर संपते. खाली एक ईमेल.

आकडा इथे लिहीत नाही. डॉलरमध्ये आहे. मॅडमनी (केंद्र त्यांचं; इथे मॅ.) कॅल्क्युलेटरवर रुपये काढले आणि कॅल्क्युलेटर पालथा ठेवला.

आज इरफानभाई आले, क. दुरुस्तीवाले. आल्या आल्या भिंतीतली इंटरनेटची वायर उपटली. "काल दिवसभर हे जोडलेलंच होतं, ताई?" होतं. "पहिलं हे काढायचं असतं. मॅडमचा लॅपटॉप याला जोडला असता तर तोही गेला असता." याला रॅन्समवेअर म्हणतात म्हणाले. मी नाव ऐकलं होतं. मोठ्या कंपन्यांना होतं असं वाटायचं. आमच्याकडे दोन खोल्या, एक माईक आणि गाद्या लावलेली एक भिंत.

इरफानभाईंनी विचारलं, "हिशोब-बिशोब होता का आत?"

मॅ. म्हणाल्या, "हिशोब नाही हो. माणसं आहेत."

खरं तर माणसांचे आवाज. घशाच्या कॅन्सरने ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार असतं, त्यांना ऑपरेशनच्या आधी आमच्याकडे पाठवतात. मी त्यांना त्या खोलीत बसवते आणि बोलायला सांगते. पाणी दे. दार लाव. आज बरं वाटत नाही. बायकोचं नाव, मुलांची नावं, नेहमीची शिवी असेल तर तीही. नंतर टॅबवर चित्र दाबलं की त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. नोकरीतलं एवढंच काम मला मनापासून आवडतं. आवडायचं.

एकोणीस जण, ज्यांचे टॅब अजून तयार व्हायचेत. सगळे बंद.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी मॅ. म्हणाल्या, "हिरा, घाबरू नकोस, तुझी डिस्क आहे ना कपाटात." सोमवारपासून मला खरं काय ते माहीत होतं आणि मी इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.

डिस्क कपाटात नव्हती. क. ला जोडलेली होती. तिच्यातही तीच शेपटं.

दर शुक्रवारी मी सगळे आवाज दुसऱ्या डिस्कवर उतरवते, वायर काढते, डिस्क फडक्यात गुंडाळून कपाटात, किल्ली माझ्याकडे. मॅ. हसायच्या. "अगं बाळंतिणीसारखं काय गुंडाळतेस तिला." दोन वर्षं एक शुक्रवार चुकला नाही.

खंडेनवमीला पूजा. शोभाताईंनी सगळी हत्यारं मांडली. माईक, हेडफोन, टॅब, मॅ. चा टॉर्च, घसा बघायचा आरसा, त्यांचा स्वतःचा झाडू. म्हणाल्या, "डिस्क काढ ना. तिनं काय पाप केलंय? वर्षभर तीच तर सांभाळते." मी काढली. टेबलावर ठेवली. तर म्हणाल्या, "अगं जोड की. बंद मशीनची कसली पूजा? जीव असल्यासारखं दिसू दे." मी जोडली. तिचा निळा दिवा लागला. शोभाताईंनी हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. मॅ. नी फोटो काढला. छान दिसत होतं.

मग निघताना मी वायर काढायला हात पुढे केला. "मांडलेली पूजा हलवू नये गं, दसरा होऊ दे." हे वाक्य कोणाचं, ते आठवून बघतेय. आधी वाटलं शोभाताई म्हणाल्या. बहुतेक मीच म्हणाले. आमच्या घरी कोयता-विळे नवमीला मांडले की दसरा सरेपर्यंत कोणी हात लावत नाही. आई आम्हाला ओलांडूही द्यायची नाही. मला ते सांगावं लागत नाही, अंगातच आहे.

शोभाताईंनी सांगितलं, हे खरं. जोडली मी. ठेवली मी.

संध्याकाळी मॅ. ना सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पूजेचा फोटो उघडून बघितला त्यांनी, मोबाईलवर. मोठा केला. निळा दिवा दिसत होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

इरफानभाईंनी वाट शोधली. टाळेबंदीत मॅ. ना घरून केंद्रातलं क. बघता यावं म्हणून एक प्रोग्रॅम टाकला होता. तो नंतर कोणी बंद केला नाही. त्याचा पासवर्ड केंद्राचं नाव आणि पुढे १२३. सुट्टीत क. चालू, माणूस नाही. कोणीतरी बाहेरून दार ढकलून बघितलं, उघडं निघालं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, पासवर्ड बदला."

मॅ. : "तुम्ही असं काही म्हटलं नव्हतं, इरफान."

"म्हटलं असेल. आठवत नाही. आता काय उपयोग मॅडम, माझं पण नाव येणार, तुमचं पण."

अँटिव्हायरसची मुदत उन्हाळ्यातच संपलेली. रोज सकाळी कोपऱ्यात चौकोन यायचा, नूतनीकरण करा. रोज मी तो फुलीवर दाबून बंद करायचे. माशी हाकलावी तसा.

दुपारी सायबर पोलीस ठाण्यात. मॅ. जायला तयार नव्हत्या, बोभाटा होईल म्हणून. मी म्हटलं, मी एकटी जाते. तेव्हा आल्या. तिथल्या बाई माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. तक्रार लिहून घेतली. "पैसे देऊ नका. दिलेत तरी उघडेल याची हमी कोण देणार? चोर? आणि एकदा दिलेत की यादीत तुमचं नाव, ही बाई देते म्हणून." मग आम्ही उठताना, "ती डिस्क पुसू नका. कधीकधी ही टोळी पकडली जाते, चाव्या सापडतात, फुकट वाटतात. वर्षाने, दोन वर्षांनी. कधी सापडतही नाहीत."

बाहेर आल्यावर मॅ. म्हणाल्या, "दोन वर्षं." आमचे किती लोक दोन वर्षं काढतात. एवढंच.

मी शिकतेय आता. मोबाईलवर वाचते. एक प्रत पुरत नाही, दोन पुरत नाहीत, तिसरी दुसऱ्या घरात हवी आणि कशालाही न जोडलेली. आणि प्रत काढली की ती उघडून बघायची. मी दोन वर्षांत एकदाही उघडून बघितली नव्हती. गुंडाळायचे फक्त.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज काकांचा सरावाचा दिवस. निफाडचे रामनाथकाका. येतील हे माहीत होतं तरी नऊ वाजल्यापासून दाराकडे बघत होते.

काका बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर, मागे व्यापाऱ्यांचा घोळका, पुढे यांचा आवाज. माईक कधी लागला नाही म्हणतात. जूनमध्ये ऑपरेशन. आता गळ्याला भोक, त्यावर रुमाल, बोलणं पाटीवर. खरीखुरी शाळेची दगडी पाटी. टॅबवर टाईप करा म्हटलं तर लिहिलं, "त्यात समोरच्याचं तोंड दिसत नाही."

आज आल्या आल्या शोभाताईंना पाटी दाखवली : "दसऱ्याला सोनं दिलं नाही. घरी आलो असतो तर दिलं असतं का?" शोभाताई, "तुम्हीच द्यायचं असतं मोठ्यांनी, काका! चिंगूस कुठले." ते खांदे हलवून हसले. आवाज नसलेलं हसणं. त्याला मी अजून सरावले नाही.

मग काकूंना बाहेर बाकावर बसवून मॅ. नी त्यांना गिळलेली हवा ढेकरेसारखी काढून बोलायचा सराव दिला. मी तिथेच होते. तासाभरात दोन अक्षरं आली. अ. ल. पुढचं ‘का’ येईना. काकूंचं नाव अलका.

निघताना काकूंना पुढे जाऊ दिलं आणि माझ्याकडे पाटी केली :

"माझं पाडव्याचं नीट कुलपात आहे ना, पोरी?"

मी मान हलवली. हो म्हणून.

हे लिहून ठेवते. मी मान हलवली.

दिवाळीच्या पाडव्याचं, म्हणजे. मे महिन्यात, सगळं रेकॉर्डिंग झाल्यावर, त्यांनी काकूंना चहा सांगायला पिटाळलं आणि मला म्हणाले, आता एक खासगी. मशीन चालू कर आणि तू कान बंद कर. मी हेडफोन लावून बसले होते, कान कसे बंद करणार. बोलले. फार लांब नाही. आयुष्यात तिला कधी म्हटलं नाही असं काहीतरी. संपल्यावर म्हणाले, "पाडव्याला ती ओवाळेल ना, तेव्हा ताटात पैशाऐवजी हा टॅब ठेवायचा. बटण दाबायचं. बघ कशी रडते. तू पण ये बघायला." मग लगेच, "आत्ताच मोबाईलमध्ये दे ना टाकून. माझ्याकडे राहील."

मी दिलं नाही. नियम होता, टॅब तयार झाल्यावरच सगळं एकदम द्यायचं, उगाच इकडेतिकडे फिरतं. मी म्हटलं, "काका, मोबाईल हरवतो, पडतो. आमच्याकडे सुरक्षित आहे."

आमच्याकडे सुरक्षित आहे.

ते वाक्य लिहून अर्धा तास बसले.

११ ऑक्टोबर, शनिवार

मॅ. नी न सांगता त्या ईमेलवर लिहिलं होतं. गुरुवारीच, ठाण्यातून आल्यावर. आज कबूल केलं. "मला झोप नाही गं. त्या सगळ्यांचे चेहरे. म्हटलं विचारून तर बघू." पैसे देणार नाहीत, आहेत कुठे. नुसतं लिहिलं की हे आजारी लोकांचे आवाज आहेत, तुम्हाला याचा काय उपयोग.

उत्तर आलं. अगदी सभ्य इंग्रजीत, मोठ्या दुकानातून यावं तसं. आम्हाला तुमच्या रुग्णांबद्दल वाईट वाटतं. आमच्याकडे चावी आहे याची खात्री म्हणून एक फाईल पाठवा, ती फुकट उघडून देऊ. फक्त एक. लहान आकाराची.

मी वाचलं, पुन्हा वाचलं. एक. कोणाची?

लगेच काकांची मनात आली. मग स्वतःचीच लाज वाटली. काकांचीच का? मी त्यांना प्रत दिली नव्हती म्हणून. म्हणजे माझा भार हलका व्हावा म्हणून. सिन्नरच्या त्या बाई आहेत, तिघं लेकरं, तिन्ही नावं घेऊन त्यांनी अंगाई म्हटली होती. ते घोटीचे तांदळाचे व्यापारी, ऑपरेशननंतर आठवड्यातच गेले, त्यांच्या घरच्यांकडे दुसरं काहीच नाही, ते आवाज न्यायला अजून आलेही नाहीत. त्यांना ठाऊक तरी असेल का की आहे. मी मनातल्या मनात एकेकाला पुढे करत होते आणि मागे सारत होते. काका लिलाव करायचे तसा. शिसारी आली.

शेवटी मॅ. ना म्हणाले, "आपण दोघी बसून ठरवू या का?"

मॅ. माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, मी कालच पाठवली."

"कोणती?"

"सगळ्यात लहान बघून. पहिलीच होती यादीत. मला वाटलं कोणाचं तरी छोटं वाक्य असेल. उघडलं तर बाकीच्यांसाठी त्यांच्या मागे लागता येईल म्हणून."

ती उघडून आली होती. खरंच उघडली होती. मॅ. नी लावली.

"हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन. माईक चालू आहे. काका, थोडं पुढे सरका."

मी.

माझा आवाज. मेमधला. खुर्ची सरकल्याचा आवाज आणि मग बंद.

मॅ. नी तोंडावर हात धरला. आधी मला वाटलं रडतायत. हसत होत्या. मग रडायला लागल्या. मी नुसती उभी. जिचं काही गेलेलं नाही तिचं परत आलं. काका पुढे सरकले, आणि फाईल संपली. पुढच्या फाईलमध्ये ते बोलतात.

चोर खरं बोलतायत एवढं कळलं. चावी आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

निफाडला. आई-बाबा छाटणीला आलेत, दरवर्षीसारखे, पेठहून टोळीबरोबर. बागेच्या कडेला पत्र्याचं शेड. लहानपणी मीही इथेच, द्राक्षाच्या मांडवाखाली पाटी घेऊन बसायचे. मालकांच्या मुलीची जुनी पुस्तकं. घरात वाचणारी मी पहिली. बाबा सगळ्यांना सांगतात, "आमची हिरा नाशकात काम्पुटरवर हाय." आजही सांगितलं, मुकादमाला. मी खाली बघत राहिले.

आईला कळलं काहीतरी आहे. भाकरी थापता थापता विचारलं. मी सांगायचा प्रयत्न केला. कोणीतरी लांबून आलं, आपल्याच घराला त्याचं कुलूप लावून गेलं. सामान आतच आहे. पैसे मागतोय.

"मंग कुलूप तोडा."

तुटत नाही. जगातली सगळी माणसं जन्मभर बसली तरी तुटत नाही असं आहे ते.

आईने भाकरी उलटली. "मंग कौलं काढून शिरायचं."

"त्या घराला कौलं नाहीत, आई."

"असं कसं घर बांधता गं तुम्ही शिकलेले," म्हणाली. थट्टेनेच. पण माझे डोळे भरलेले बघून तिने तवा खाली उतरवला. मग विचारलं, "ज्याचं सामान हाय, त्याला ठाव हाय का?"

नाही.

"त्याला वाटतंय आपलं सामान नीट हाय."

हो.

आईने ताटात चटणी वाढली.

काकांची गल्ली बसस्टँडवरून चालत दहा मिनिटं. कोपऱ्यापर्यंत गेले. पिठाच्या गिरणीपाशी थांबले. भाजणीचा वास. मग बस आली असं स्वतःला सांगितलं आणि वळले. बसला अजून वेळ होता.

१३ ऑक्टोबर, सोमवार

इरफानभाई क. पुसायला आले होते. "फॉर्मॅट मारतो, सगळं नवं टाकतो, संध्याकाळपर्यंत चालू." मॅ. हो म्हणाल्या. केंद्र बंद ठेवून भागणार नाही, हे मलाही कळतं. नवीन लोक येतायत, त्यांची ऑपरेशनं थांबत नाहीत. आज एक आजोबा आले होते, तारीख पुढच्या आठवड्यातली. रेकॉर्ड कशावर करणार?

पण मी क. च्या पुढे उभी राहिले. लहान मुलीसारखी. आतली जुनी डिस्क काढा आणि नवी घाला, जुनी पुसायची नाही.

"ताई, त्यात आता काय आहे? कचरा आहे."

"आवाज आहेत."

"उघडत नाहीत ना?"

"उघडत नाहीत. पण आहेत."

इरफानभाईंनी मॅ. कडे बघितलं. मॅ. म्हणाल्या, "काढ बाबा. तिचं ऐक." नवी डिस्क माझ्या पगारातून कापा म्हटलं तर ओरडल्या, "गप्प बस आता."

जुनी काढली. पूजेतली डिस्क आणि ही, दोन्ही फडक्यात गुंडाळून कपाटात. गुंडाळताना हात आपोआप चालत होते. त्याचाच राग आला.

नवीन क. : बाहेरून बघायचा प्रोग्रॅम काढला. पासवर्ड लांबलचक, मी आणि मॅ. सोडून कोणाला नाही. अपडेट आले की त्याच दिवशी. प्रत दोन डिस्कवर, एक मॅ. च्या घरी, आलटूनपालटून, काम झालं की वायर बाहेर. दर महिन्याला एक फाईल उघडून ऐकायची. आणि रेकॉर्ड केलं की त्याच दिवशी त्या माणसाच्या हातात एक पेनड्राईव्ह. शेवटचं मी मागितलं, मॅ. लगेच हो म्हणाल्या. मी हे पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं. थोड्या वेळाने मॅ. नी हळूच काढलं. "लोक विचारतील गं, हे का लावलंय."

आजोबांचा आवाज घेतला. त्यांच्या मुलाच्या हातात पेनड्राईव्ह दिला. मुलगा म्हणाला, "हे आम्ही काय करणार? तुमच्याकडेच ठेवा ना, सुरक्षित राहील."

मी म्हटलं, नाही. तुम्ही ठेवा. जोरात म्हटलं असणार, कारण शोभाताई आत डोकावल्या.

शोभाताई आठवडाभर माझ्याशी नीट बोलत नव्हत्या. आज जाताना म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं ना ते?" मी म्हटलं, नाही, वायर माझ्या हातात होती. त्या म्हणाल्या, "तुझ्या हातात होती, पण बोलले मी ना." दोघी जिन्यात उभ्या. मग त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नुसता फोटो ठेवू डिस्कचा. फोटोची चालते पूजा." हसू आलं. आठवड्यात पहिल्यांदा. घरी येईपर्यंत टिकलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काकूंचा फोन. मी उचलला.

"हिरा, काकांचा पाडव्याला काय बेत आहे गं? नुसते हसतात. कपाटातून माझी ती हिरवी पैठणी काढून इस्त्रीला दिली स्वतः. लग्नापासून कधी असलं केलं नाही या माणसानं. तुला ठाऊक आहे, मला माहितीये. सांगू नको, सांगू नको. नुसतं हो म्हण."

मी काही म्हटलं नाही. त्यांना ते हो वाटलं.

मग विषय आवाजाचा निघाला. मी विचारलं, सहज विचारावं तसं, काकू, काकांचा जुना आवाज आहे का कुठे, मोबाईलमध्ये, कोणाच्या लग्नात वगैरे? "अगं नाही ना. व्हॉट्सअॅपवर किती पाठवायचे, कांद्याचे भाव बोलून. मोबाईल भरला म्हणून पोरानं उन्हाळ्यात सगळं पुसलं. म्हटलं जाऊ दे, तुमच्याकडे आहे की."

मॅ. ना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "दिवाळीनंतर सांगू, हिरा. सगळ्यांना एकेक करून, मी स्वतः सांगेन. आत्ता सण आहे, कशाला. तोपर्यंत काही घडलंही असेल, चावी-बिवी. टॅब बिघडलाय म्हणू." त्या वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटतं की हे दयेचं आहे. मलाही कालपर्यंत वाटत होतं.

पण पाडव्याला काका ताटात तो टॅब ठेवणार. किंवा टॅब आला नाही म्हणून रिकामे हात घेऊन बसणार, आणि काकू हिरव्या पैठणीत निरांजन धरून समोर. तिथे मी नसणार. बिघडलाय एवढंच त्यांना माहीत असणार.

एक विचार आला तोही लिहिते. शब्द मला पाठ आहेत. सगळे, ते कुठे थांबले, कुठे घसा साफ केला, सगळं. मी काकूंना सांगू शकते. किंवा काका पाटीवर लिहू शकतात. पण लिहायचं असतं तर त्यांनी मेमध्येच लिहिलं असतं. आणि माझ्या तोंडून ते येता कामा नये. माझा आवाज एकदा त्यांच्या जागी उघडला आहे, तेवढं पुरे. इथेही ते शब्द लिहीत नाही.

काय सांगायचं ते ठरवलं. पहिलं वाक्य : काका, तुमचा आवाज आहे, पण आम्हाला उघडता येत नाही. दुसरं : वायर मी लावली होती. तिसरं : शुक्रवारी मी मान हलवली ते खोटं होतं. चौथं येत नाही. चौथ्यात माणसं सहसा माफी मागतात. माफी मागितली की समोरच्याला असू दे म्हणावं लागतं, आणि काकांना त्यासाठी पाटी पुसून लिहावं लागेल. तेवढं काम मी त्यांना कसं लावू.

पहिलं वाक्य पुन्हा तपासलं. आहे, हे खरं आहे का? कपाट उघडून बघितलं. दोन्ही डिस्क आहेत. खरं आहे.

ते काय करतील माहीत नाही. पाटी आपटतील. हसतील, तसं आवाज नसलेलं. मुदत शनिवारी संपते, त्या दिवशी ते लोक काय करतील तेही माहीत नाही. चावी फेकून देतील बहुतेक.

नोकरी राहील न राहील. बाबा मुकादमाला काय सांगतील.

उद्या बुधवारी मॅ. ना सांगते की मी निफाडला जाणार आहे. विचारत नाही, सांगते. परवा सकाळची पहिली बस. गिरणीपाशी थांबायचं नाही. वसुबारसेच्या आधी, काकू दारात रांगोळी काढायला लागायच्या आधी.

गुरुवार, १६ ऑक्टोबर.